भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार, ज्यांना जिवंतपणी खोटं ठरवलं गेलं : डॉ. सुभाष मुखोपाध्याय

भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी कोण?

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्या कुणालाही विचारा, बरेच जण हर्षाचं नाव घेतील. ६ ऑगस्ट १९८६, मुंबईचं केईएम हॉस्पिटल, डॉ. इंदिरा हिंदुजा. मुंबईकरांना अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे आणि त्यात काही खोटंही नाही.

फक्त त्याआधी जवळजवळ आठ वर्षं, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात एक मुलगी जन्मली होती. तिचं टोपणनाव दुर्गा. तिचा गर्भही आईच्या शरीराबाहेर तयार झाला होता. एवढंच नाही, तर आईच्या पोटात जाण्याआधी तो ५३ दिवस गोठवून ठेवला होता. असा जन्म तोवर जगात कुठेच झालेला नव्हता.

हे घडवणाऱ्या डॉक्टरचं नाव होतं सुभाष मुखोपाध्याय. काही ठिकाणी त्यांचं आडनाव मुखर्जी असंही लिहितात. या कामासाठी त्यांना पुरस्कार मिळायला हवा होता. मिळाली ती चौकशी समिती. त्यांचं म्हणणं खोटं ठरवलं गेलं, परदेशात जाऊन काम मांडायला परवानगी नाकारली गेली आणि शेवटी डोळ्यांच्या संस्थेत बदली झाली. १९ जून १९८१ ला त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. तेव्हा ते ५० वर्षांचे होते.

ते खरं बोलत होते हे देशाला कळायला आणखी १६ वर्षं गेली. आणि ते सांगणारा माणूस मुंबईतल्या हर्षाच्या जन्माशीच जोडलेला होता.

हजारीबाग ते एडिनबरा

सुभाष यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ चा, हजारीबागचा. हे गाव आज झारखंडमध्ये येतं. पुढचं शिक्षण कोलकात्यात झालं. प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी शरीरक्रियाशास्त्रात पदवी घेतली आणि १९५५ मध्ये कलकत्ता नॅशनल मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले.

त्या काळात हुशार डॉक्टरांसमोर सरळ रस्ता होता. दवाखाना टाकायचा, नाव कमवायचं, घर-गाडी करायची. सुभाष यांना मात्र एकाच प्रश्नाने पछाडलं होतं. मूल होतं ते नेमकं कसं आणि होत नाही तेव्हा नेमकं कुठे अडतं?

त्यासाठी त्यांनी आधी १९५८ मध्ये कलकत्ता विद्यापीठातून प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी केली. मग ते स्कॉटलंडला गेले आणि एडिनबरा विद्यापीठातून १९६७ मध्ये दुसरी पीएचडी मिळवली. तिथले त्यांचे मार्गदर्शक जॉन लोरेन हे हार्मोन मोजण्याच्या शास्त्रातलं मोठं नाव होतं.

हे काम किती किचकट होतं, याची आज कल्पना येणं अवघड आहे. आज लॅबमध्ये रक्त दिलं की संध्याकाळपर्यंत हार्मोनचा रिपोर्ट मोबाईलवर येतो. तेव्हा शरीरातलं हार्मोनचं अतिसूक्ष्म प्रमाण शोधायच्या पद्धतीच मुळात घडवाव्या लागत होत्या. स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडण्याचा इशारा देणारं एक हार्मोन असतं, त्याला एलएच म्हणतात. ते मोजण्याच्या पद्धतीवर सुभाष यांनी तिथे काम केलं. स्त्रीबीज कधी आणि कशामुळे पिकतं, ही समज त्यांना इथे मिळाली. पुढचं सगळं काम तिच्यावरच उभं राहिलं.

शिक्षण संपल्यावर परदेशात राहायची संधी असूनही ते परत आले. कोलकात्याच्या एनआरएस मेडिकल कॉलेजात ते शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. पुढे बांकुडा इथल्या मेडिकल कॉलेजातही ते प्राध्यापक होते. पगार सरकारी, पद शिक्षकाचं आणि संशोधनाला साधनं तुटपुंजी. पत्नी नमिता शाळेत शिकवत. त्यांना मूल नव्हतं. घरात चर्चा मात्र बहुतेक वेळा इतरांना मूल कसं होईल याचीच असे.

अडचण नेमकी काय होती?

दुर्गाच्या आईच्या बीजवाहक नलिका खराब झालेल्या होत्या. अंडाशयात तयार झालेलं स्त्रीबीज या नळ्यांमधून येतं आणि तिथेच त्याचा शुक्राणूशी संयोग होतो. रस्ताच बंद असेल तर दोघांची गाठ पडणार कशी?

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. स्त्रीबीज बाहेर काढायचं, काचेच्या भांड्यात शुक्राणूंशी त्याचा संयोग घडवायचा, तयार झालेलं भ्रूण गर्भाशयात ठेवायचं. आज आपण यालाच आयव्हीएफ म्हणतो.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो अनेक वर्षं याच प्रयत्नात होते. त्यांनी आधी हार्मोनची औषधं देऊन पाहिली, यश आलं नाही. शेवटी त्यांनी औषधं बाजूला ठेवली. महिन्याला नैसर्गिकरीत्या पिकणारं एकच स्त्रीबीज पोटावर छोटा छेद घेऊन दुर्बिणीच्या मदतीने काढायचं आणि भ्रूण तयार झालं की दोन-तीन दिवसांत परत ठेवायचं, असा मार्ग त्यांनी धरला. त्यातूनच २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईस ब्राऊन जन्मली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी.

कोलकात्यातल्या सुभाष यांचा रस्ता याहून वेगळा होता.

तीन गोष्टी, ज्या तेव्हा कुणी करत नव्हतं

सुभाष यांच्यासोबत दोघे जण होते. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य आणि गोठवण्याच्या तंत्रातले जाणकार प्रा. सुनीत मुखर्जी. मुखर्जी मूळचे अन्न तंत्रज्ञानातले. पदार्थ गोठवला की आतल्या पेशींचं काय होतं, हे कळणारा माणूस सुभाष यांनी बरोबर शोधला होता.

त्यांनी केलेली पहिली गोष्ट म्हणजे औषध देऊन एकाऐवजी अनेक स्त्रीबीजं पिकवणं. त्यासाठी एचएमजी नावाचं औषध वापरलं. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांच्या लघवीतून हे हार्मोन तेव्हा वेगळं काढलं जाई. एका बीजावर सगळा डाव लावण्यापेक्षा चार-पाच बीजं हाती असली तर यशाची शक्यता वाढते.

दुसरी गोष्ट, स्त्रीबीजं काढण्याचा रस्ता. पोटावर छेद न घेता त्यांनी योनीमार्गातून जाऊन ती काढली. आज सोनोग्राफीच्या मदतीने जगभर याच मार्गाने स्त्रीबीजं काढतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. त्यांनी भ्रूण लगेच गर्भाशयात ठेवलं नाही. ते गोठवलं.

का? कारण त्यांना हार्मोनचा स्वभाव माहीत होता. जी औषधं स्त्रीबीजं पिकवतात, तीच गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचं वेळापत्रक बिघडवतात. म्हणजे बी तयार असतं, पण जमीन तयार नसते. मग घाई कशाला? बी जपून ठेवा, शरीर पूर्ववत होऊ द्या आणि पुढच्या एखाद्या नैसर्गिक पाळीच्या चक्रात, अस्तर योग्य अवस्थेत असताना भ्रूण ठेवा.

हे सुचणं एक आणि करणं दुसरं. पेशीत पाणी असतं. ते गोठलं की बर्फाचे टोकदार स्फटिक तयार होतात आणि पेशी आतून फाडतात. फ्रीजरमध्ये ठेवलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर कसा लिबलिबीत होतो, तसंच. उंदरांची भ्रूणं गोठवून पुन्हा जिवंत करण्यात शास्त्रज्ञांना १९७२ मध्ये यश आलं होतं, पुढच्याच वर्षी गोठवलेल्या भ्रूणातून वासरू जन्मलं होतं. माणसाच्या बाबतीत मात्र कुणालाच ते जमलेलं नव्हतं. सुभाष आणि सुनीत मुखर्जी यांनी डीएमएसओ हे रसायन वापरलं. ते पेशीत शिरतं आणि स्फटिकांपासून तिला वाचवतं.

आठ पेशींच्या अवस्थेतली भ्रूणं गोठवली गेली. ५३ दिवसांनी ती पूर्ववत करून गर्भाशयात ठेवली. आणि गर्भ राहिला.

आठ पेशींचा टप्पा एवढा नाजूक का?

इथे थोडं थांबून स्त्रीबीजाच्या आत डोकवायला हवं. कारण सुभाष जे हाताळत होते ते किती गुंतागुंतीचं होतं, हे विज्ञानाला त्यांच्यानंतर हळूहळू कळत गेलं.

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख अपरिपक्व स्त्रीबीजं असतात. ती अर्ध्यावर थांबलेली असतात, काही तर पुढची चाळीस वर्षं. त्यातलं एखादं वाढायला लागलं की ते एक तयारी सुरू करतं. आपल्या डीएनएमधल्या सूचनांच्या नकला काढून ठेवायची. या नकला म्हणजेच आरएनए.

पूर्ण वाढ झाली की स्त्रीबीज नव्या नकला काढणं जवळजवळ थांबवतं. यापुढचा प्रवास साठवलेल्या आरएनएवर. आईने बांधून दिलेली शिदोरीच म्हणा ना. शुक्राणूशी संयोग झाल्यावर एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होतात, तेव्हाही भ्रूण मुख्यतः हीच शिदोरी खात असतं. माणसाच्या भ्रूणाची स्वतःची जनुकं कामाला लागतात ती चार ते आठ पेशींच्या दरम्यान. म्हणजे शिदोरी संपत आलेली असते आणि स्वतःची चूल पेटत असते. हे १९८८ मध्ये एका ब्रिटिश संशोधनातून पुढे आलं. सुभाष यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

पण एवढ्या आरएनएमधला कोणता कधी वापरायचा आणि कोणता कधी फेकून द्यायचा, हे पेशीला कसं कळतं?

याचं एक उत्तर आरएनएवर लागणाऱ्या रासायनिक खुणांमध्ये आहे. सगळ्यात जास्त आढळणारी खूण आहे एम-सिक्स-ए. आरएनएच्या चार अक्षरांपैकी ‘ए’ या अक्षराला एक छोटासा मिथाइल गट चिकटतो, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. डब्यावर चिठ्ठी लावावी तशी ही खूण. अक्षर तेच राहतं, पण त्या आरएनएचं पुढे काय होणार हे बदलतं. काही प्रथिनं ही खूण लावतात, काही ती वाचतात आणि काही पुसतात. खूण वाचणारी काही प्रथिनं त्या आरएनएची विल्हेवाट लावायला घेतात.

सस्तन प्राण्यांच्या पेशींत ही खूण १९७४ मध्येच सापडली होती. तिचं प्रजननातलं महत्त्व मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत उलगडलं. उंदरांमध्ये खूण लावणारं मेटल-थ्री हे प्रथिन काढून टाकलं तर स्त्रीबीज नीट पिकत नाही. खूण वाचणारं वायटीएचडीएफ-टू नसेल तर माद्यांना पिल्लंच होत नाहीत. जुना आरएनए वेळेवर साफ झाला नाही, तर भ्रूणाला पुढे सरकता येत नाही.

म्हणजे स्त्रीबीज दिसायला पिकलेलं असणं आणि आतून तयार असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयव्हीएफमध्ये सगळं नीट होऊनही काही भ्रूणं मध्येच का थांबतात, या प्रश्नाचा एक धागा इथे सापडू शकतो. माणसांच्या बाबतीत हे संशोधन अजून सुरूच आहे.

सुभाष यांना यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. पण स्त्रीबीज पिकण्याला, भ्रूणाला आणि गर्भाशयाला प्रत्येकाचं स्वतःचं घड्याळ असतं आणि ती घड्याळं जुळवावी लागतात, हे त्यांनी ओळखलं होतं. गोठवणं ही त्यांच्यासाठी वेळ जुळवण्याची युक्ती होती.

जन्म झाला आणि चौकशी सुरू झाली

३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात मुलगी जन्मली. दुर्गापूजेचे दिवस जवळ आले होते, म्हणून दुर्गा. लुईसनंतर साधारण सव्वादोन महिन्यांनी.

काहींना वाटलं, इंग्लंडची बातमी वाचून कुणीतरी आपलंही घोडं दामटतंय. पण साधा हिशेब केला तरी हे टिकत नाही. लुईसच्या जन्माची बातमी आली तेव्हा दुर्गाच्या आईच्या गर्भारपणाचे निम्म्याहून जास्त महिने उलटले होते. शिवाय पद्धतही वेगळी होती. नक्कल करायला मूळ प्रत आधी हातात असावी लागते.

सुभाष आणि सहकाऱ्यांनी आपल्या कामाचा अहवाल राज्य सरकारला दिला. त्याच वर्षी गोठवण्याच्या तंत्राला वाहिलेल्या एका भारतीय नियतकालिकात छोटा शोधनिबंधही छापून आला. पण तोवर वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला होता आणि सरकारी खात्यात नाराजी होती. सरकारी नोकर असलेल्या माणसाने वरिष्ठांना विचारात न घेता एवढी मोठी गोष्ट जाहीर केली कशी, हाच अनेकांसाठी मुख्य प्रश्न झाला.

नोव्हेंबर १९७८ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने तज्ज्ञ समिती नेमली. अध्यक्ष होते रेडिओ फिजिक्सचे प्राध्यापक. समितीतल्या कुणालाही शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याचा किंवा ते गोठवण्याचा अनुभव नव्हता. खरं तर तसा अनुभव असलेली माणसं तेव्हा जगातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. अशा वेळी बाहेरच्या एखाद्या जाणकाराला बोलावता आलं असतं, प्रयोग पुन्हा करून दाखवायला साधनं देता आली असती. तसं काही झालं नाही. समितीने सुभाष यांचं म्हणणं खोटं ठरवलं.

शब्द पाळला, पुरावा दिला नाही

सगळ्यात ठोस पुरावा होता तो म्हणजे खुद्द दुर्गा आणि तिचे आईवडील. मग सुभाष यांनी त्यांना पुढे का केलं नाही?

१९७८ च्या कोलकात्यात हे कुटुंब परंपरा मानणाऱ्या समाजातलं होतं. टेस्ट ट्यूबमधलं मूल म्हणजे नेमकं काय, याबद्दल लोकांच्या मनात वाट्टेल त्या कल्पना होत्या. मुलगी कुणाची, ती नॉर्मल आहे का, पुढे तिच्याशी लग्न कोण करणार, असे प्रश्न गल्लीगल्लीत चघळले गेले असते. आईवडिलांना आपली मुलगी तमाशाचा विषय व्हायला नको होती. त्यांची ओळख लपवणं ही डॉक्टर म्हणून सुभाष यांनी आपली जबाबदारी मानली.

नाव जगजाहीर केलं असतं तर कदाचित त्यांच्यावरचा डाग पुसला गेला असता. पण ती किंमत एका लहान मुलीने मोजली असती. त्यांनी ती तिला मोजू दिली नाही.

जपानचं आमंत्रण

देशात ही अवस्था असताना बाहेरून एक संधी चालून आली. जपानच्या क्योटो विद्यापीठाने त्यांना जानेवारी १९७९ मध्ये आपलं काम मांडण्यासाठी बोलावलं. तिथे समोर प्रजनन विषयातले संशोधक असते. त्यांनी अवघड प्रश्न विचारले असते, चुका काढल्या असत्या आणि काम खरं असेल तर ते मान्यही केलं असतं. विज्ञानात चौकशी व्हायची ती अशी.

सरकारने त्यांना जायची परवानगी दिली नाही.

संशोधकासाठी हा मार मोठा असतो. तो चुकीचा असेल तर चूक कुठे झाली ते सांगणारा कुणी नाही आणि बरोबर असेल तर तसं म्हणणारा कुणी नाही. प्रयोग पुढे न्यायला साधनं नाहीत, दुसऱ्या रुग्णावर तोच प्रयोग करून सिद्ध करायची मोकळीक नाही. १९८० मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला.

जून १९८१ मध्ये बदलीचा आदेश निघाला. नेमणूक होती कोलकात्यातल्या नेत्ररोग संस्थेत. संपूर्ण आयुष्य हार्मोन आणि स्त्रीबीजाच्या अभ्यासात घालवलेल्या माणसाला आता डोळ्यांच्या संस्थेत काम करायचं होतं. कागदावर पद प्राध्यापकाचंच होतं. प्रत्यक्षात संशोधनाचा दरवाजा बंद झाला होता.

१९ जूनला त्यांनी आत्महत्या केली. नमिता शाळेतून घरी आल्या तेव्हा सगळं संपलं होतं.

बाकीचं जग तिथे पोहोचलं

ते गेले त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १९८१ मध्ये, अमेरिकेत एचएमजी देऊन पिकवलेल्या स्त्रीबीजातून आयव्हीएफ बाळ जन्मलं. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला गोठवलेल्या भ्रूणातून बाळ जन्मलं आणि जगाने ते पहिलं मानलं. १९८० च्या दशकातच योनीमार्गातून स्त्रीबीज काढण्याची पद्धत रूढ झाली.

म्हणजे सुभाष यांनी १९७८ मध्ये एकत्र करून दाखवलेल्या तिन्ही गोष्टी जगाने पुढच्या काही वर्षांत एकेक करून शोधल्या. आज अनेक आयव्हीएफ केंद्रांत सगळी भ्रूणं आधी गोठवायची आणि पुढच्या एखाद्या चक्रात ठेवायची, ही नेहमीची पद्धत आहे.

१९९० मध्ये तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा हिंदी चित्रपट आला. पंकज कपूर आणि शबाना आझमी यांच्या त्यात मुख्य भूमिका होत्या. रमापद चौधुरी यांच्या बंगाली कथेवर आधारलेल्या या चित्रपटात डॉक्टर कुष्ठरोगावरच्या लसीवर काम करतो, पण कथेची प्रेरणा सुभाष यांचं आयुष्य होतं. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. लोक हळहळले. तरी नोंदींत मात्र काही बदललं नाही.

हर्षाच्या जन्मामागचा माणूस आणि जुने कागद

हर्षाच्या जन्मामागे डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासोबत आणखी एक महत्त्वाचं नाव होतं. डॉ. टी. सी. आनंद कुमार. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे ते संचालक होते. म्हणजे भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या श्रेयात त्यांचा थेट वाटा होता.

१९९७ मध्ये ते एका परिषदेसाठी कोलकात्याला गेले. तिथे सुभाष यांच्या स्मरणार्थ ठेवलेलं व्याख्यान द्यायचं होतं. त्या वेळी सुभाष यांचे जुने कागद त्यांच्या हाती आले. सरकारला दिलेला अहवाल, हाताने लिहिलेल्या नोंदी, पत्रव्यवहार.

आनंद कुमार यांनी ते वाचले. स्वतः त्याच वाटेने गेलेले असल्यामुळे कोणत्या टप्प्यावर काय अडतं, हे त्यांना ठाऊक होतं. खोटं रचणाऱ्याला जे तपशील सुचणार नाहीत, ते या कागदांत होते. ते दुर्गाच्या आईवडिलांशीही बोलले. त्यांची खात्री पटली.

आता त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. कागद परत करून गप्प बसणं किंवा पहिलेपणाचा मान आपला नाही असं जाहीर करणं. एप्रिल १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’ या प्रतिष्ठित भारतीय विज्ञान नियतकालिकात त्यांचा लेख आला. भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखोपाध्याय आहेत, असं त्यांनी त्यात पुराव्यांसह मांडलं.

ज्याच्या डोक्यावर मुकुट आहे त्यानेच तो काढून मृत माणसाच्या नावे करावा, असं विज्ञानात क्वचितच घडतं.

त्यानंतर चक्रं फिरली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २००२ मध्ये समिती नेमून हे काम तपासलं आणि मान्यता दिली. २००३ मध्ये, आपल्या २५ व्या वाढदिवसाच्या सुमारास, दुर्गा स्वतः लोकांसमोर आली. तिचं खरं नाव कनुप्रिया अगरवाल. आता तिला लपायचं कारण उरलं नव्हतं आणि आपल्या डॉक्टरबद्दल तिला अभिमानाने बोलायचं होतं.

२०१० चा वैद्यकशास्त्राचा नोबेल आयव्हीएफसाठी रॉबर्ट एडवर्ड्स यांना मिळाला. त्यांच्या दशकांच्या कामाला तो शोभणाराच होता. नोबेल मृत व्यक्तीला देत नाहीत, त्यामुळे सुभाष यांचं नाव त्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. स्टेप्टोही तोवर हयात नव्हते.

या गोष्टीतून घ्यायचं काय?

सुभाष यांच्यावर शंका घेतली गेली, यात चूक काही नव्हती. एवढा मोठा दावा तपासायलाच हवा. चूक झाली ती तपासण्याच्या पद्धतीत. विषय न जाणणाऱ्यांनी निकाल दिला, जाणणाऱ्यांपर्यंत त्यांना जाऊ दिलं नाही आणि प्रयोग पुन्हा करायची संधी दिली नाही. शंका आणि छळ यांतला फरक तोच आहे.

नुकसान फक्त एका माणसाचं झालं नाही. १९७८ मध्ये ते तंत्र भारताच्या हातात होतं. त्यावर पुढे काम झालं असतं, तर मूल होत नाही म्हणून घरात आणि समाजात बोल ऐकणाऱ्या किती जोडप्यांना मधल्या वर्षांत उपचार मिळाले असते, याचा हिशेब कुणी मांडू शकत नाही.

मागे उरले ते नमिता यांचं एकटेपण, थोडे कागद आणि कोलकात्यात वाढणारी एक मुलगी. ते कागद कुणीतरी जपून ठेवले आणि एके दिवशी ते वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात पडले, म्हणून ही गोष्ट आज आपल्याला माहीत आहे.

पुढच्या वेळी कुणी भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीबद्दल विचारलं, तर हर्षाचं नाव जरूर घ्या. फक्त त्याआधी दुर्गाचं घ्या.